वस्तूंना सुट्टी

महाराष्ट्रातल्या शाळांत सप्टेंबर सरत आला की एखाद्या वर्गातले बाक भिंतीकडे सरकतात. मधोमध स्टूल येतं. त्यावर चुण्या पाडून कपडा टाकतात, कपड्यावर घागर नाहीतर किटली, शेजारी दोन वांगी, एखादा कांदा. भोवताली बोर्ड घेऊन मुलं बसतात. कुणाला किटलीचा कान दिसतो, कुणाला चोच, कुणाच्या वाट्याला नुसतीच पाठ येते. तक्रार चालत नाही. कला संचालनालयाच्या शासकीय रेखाकला परीक्षेचा हा पेपर. एलिमेंटरीला त्याला वस्तुचित्र म्हणतात, इंटरमिजिएटला स्थिरचित्र. दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून बसणारी मुलं त्यात बरीच असतात. तरी मला या परीक्षेचं अप्रूप वाटतं ते वेगळ्याच कारणाने. गावोगावच्या, वाडीतांड्यावरच्या पोरांना सरकार वर्षातून एकदा घरातली एक साधी वस्तू समोर ठेवून तिच्याकडे तास-दोन तास बघायला लावतं. वांग्याला एवढा मान दुसऱ्या कुठल्या विषयात नाही.

आमच्या अंबाजोगाईच्या घरी ही परीक्षा लेकीच्या निमित्ताने आली. तिच्या चित्रकलेच्या सरांचं सांगणं होतं की रोज घरातली कुठलीही वस्तू घ्यायची, बसवायची आणि रंगवायची. एकटीला कंटाळा येतो म्हणून तिने मला शेजारी बसवून घेतलं. ती परीक्षा देऊन, ग्रेड घेऊन मोकळी झाली. मी मात्र अजून बसलेलीच आहे. तिची बारा वड्यांची रंगपेटी आता माझ्याकडे आली आहे, आणि पन्नाशीला टेकलेली बाई दुपारी काय करत असते, याचं शेजारणींना असलेलं कुतूहलही आता ओसरलं आहे.

पहिली अडचण आली ती रंगांची नव्हे, रेषेचीही नव्हे. वस्तूच मिळेना. घर भांड्यांनी भरलेलं, पण रिकामं एकही नाही. तांब्या घ्यावा तर कुणाला तरी तहान लागते. परात बसवावी तर पीठ भिजवायची वेळ झालेली असते. कांदे मांडून पाठ वळवली की त्यातला एक फोडणीत गेलेला असतो. एकदा कळशी घेऊन अंगणात बसले, तर सासूबाई दारात.

“काय करायलीस गं?”

“कळशी काढायले, आत्या.”

“काढ की. पण नळ आला की मी उचलणार, सांगून ठेवते.”

नळ आला आणि त्यांनी कळशी उचलली. त्यांचं काहीच वावगं नव्हतं. ज्या घरात वस्तू गरजेपुरत्याच घेतल्या जातात तिथे वस्तूने नुसतं बसून राहणं हे माणसाने नुसतं बसून राहण्याइतकंच खटकतं. मी मात्र त्या दिवशी एक गोष्ट शिकले, जी कुठल्याही पुस्तकात पहिल्या पानावर असायला हवी. वस्तू रंगवायची तर आधी तिला कामावरून सुट्टी मिळवून द्यावी लागते. रजेचा अर्ज आपण करायचा, मंजूर करणारा दुसराच कुणीतरी असतो.

आणि जलरंगाला रजा जरा मोठीच लागते. पेन्सिलीने पाच मिनिटांत आकार उभा करता येतो. जलरंगात मात्र घड्याळ पाण्याच्या हातात असतं. एक हात रंगाचा दिला की थांबायचं. कागदावर पाणी चकाकत असतं तोवर दुसरा रंग त्यात सोडला तर तो आपोआप पसरतो, कडा मऊ राहतात. पूर्ण वाळल्यावर दिला तर कड धारदार उमटते. घोटाळा होतो तो मधल्या वेळात. चकाकी गेलेली असते पण कागद आतून ओला असतो, तेव्हा ब्रश टेकवला की खालचा रंग मागे ढकलला जातो आणि दातेरी कडेचा डाग पडतो. तो मग काही केल्या जात नाही. आमच्याकडे मे महिन्यात ही मधली वेळ येतच नाही. कागदाच्या वरच्या टोकाला दिलेला हात खालच्या टोकापर्यंत पोचेस्तोवर वाळून खडखडीत होतो. श्रावणात उलट होतं. एक हात वाळेपर्यंत डाळ शिजते. नवशिक्याने ब्रश कुठला घ्यावा हे लोक सांगतात. बीड जिल्ह्यात कुठल्या महिन्यात सुरुवात करावी हेही सांगायला हवं. माझ्या मते भाद्रपद.

वाळण्याची वाट बघत बसलं की वस्तूकडे बघण्यावाचून दुसरं काम उरत नाही. तिथूनच खरं शिक्षण सुरू होतं. घासून ठेवलेली पितळी कळशी घ्या. ती पिवळी आहे हे आपल्याला जन्मापासून ठाऊक असतं, म्हणून हात आधी पिवळ्या वडीकडे जातो. पण समोर बघत राहिलं तर पिवळा असा रंग तिच्यावर बोटभर जागेतच सापडतो. पोटाचा डावा भाग ओल्या मातीसारखा तांबूस आहे, उजवीकडे हिरवट झाक आहे, कारण तिथे तुळशीचं वृंदावन उतरलंय. गळ्याखाली जवळजवळ काळी पट्टी आहे. आणि फुगलेल्या पोटावर दाराची चौकट वाकून बसली आहे, चौकटीत अंगण, अंगणात आपण स्वतः, बोर्ड घेऊन बसलेलो. चिंच-राखेने घासलेल्या कळशीत हे सगळं लख्ख दिसतं. चार दिवसांनी तीच कळशी काळवंडली की दाराची चौकट धूसर होते, मग तिचा स्वतःचा रंग थोडा अधिक दिसू लागतो.

आणि मधे एक ठिकाण असतं जिथे काहीच नसतं, नुसता उजेड. तिथे रंग लावायचाच नाही. पारदर्शक जलरंगाची रीत अशी की पांढरा रंग वापरायचा नाही, पांढरं म्हणजे कोरा सोडलेला कागद. तेलरंगात शेवटी पांढऱ्याचा एक ठिपका ठेवून भांडं चमकवता येतं. इथे ते कुठे चमकणार हे पहिला थेंब पडण्याआधी ठरवावं लागतं. सावंतवाडीत १८८२ साली जन्मलेल्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं चित्र आपल्याकडे कितीतरी घरांत छापील रूपात टांगलेलं असे. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. ज्योतीवर धरलेल्या तळव्याच्या बोटांतून लाल उजेड झिरपतो ते बघून अनेकांना ते तेलरंगातलं वाटतं. आहे ते जलरंगातलं. मी ब्रश हातात घेईपर्यंत त्या चित्रात मला बाई दिसायची आणि दिवा दिसायचा. आता आधी दिसतं ते हे की या माणसाने कुठे हात आवरला असेल.

हात आवरणं ही आमच्या जिल्ह्याला तशी नवी गोष्ट नाही. जलरंगाला दोन भांडी पाणी लागतं, एक ब्रश धुवायला, एक स्वच्छ. एवढंसंच. पण २०१६च्या उन्हाळ्यात धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं, शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, आणि अंबाजोगाईचं पाणीही त्याच धरणाचं. ते दिवस ज्यांनी काढले त्यांच्या घरात पाण्याचा हिशेब कधी संपत नाही, मग धरण भरलेलं असो की नसो. माझं ब्रश धुतलेलं मळकं पाणी आजही दारातल्या कण्हेरीला जातं. त्या उन्हाळ्यात मला चित्र काढायची बुद्धी झाली असती तर घागर मिळाली नसती हे नक्की. टँकर कधी येईल याचा नेम नव्हता. घागरी तेव्हा रांगेत बसायच्या, पण ती सुट्टी नव्हती, तीही ड्यूटीच होती.

रंगपेटीतल्या वडीकडे बघतानाही मला आपलंच शिवार दिसतं. जलरंग म्हणजे बारीक वाटलेलं रंगद्रव्य आणि ते धरून ठेवणारा डिंक. परदेशी रंगांत सुदानकडच्या झाडाचा डिंक वापरतात, तो आपल्या बाभळीच्याच गोतातला. कागद चांगला हवा असेल तर तो कापसाचा घ्यावा लागतो, कारण लाकडाच्या लगद्याचा कागद पाणी प्यायला की पोपडे धरतो. बाभूळ आणि कापूस, दोन्ही आमच्या बांधावर आणि बांधाच्या आत. तरी कापसाच्या तीनशे जीएसएमच्या एका कागदाची किंमत ऐकून आत्याबाईंनी विचारलं होतं, “एवढ्यात किती कापूस येतो?” मी गप्प बसले. शाळेत मुलं वापरतात तोच साधा कागद घेऊन, त्याला चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून मी बरेच दिवस काम भागवलं.

वस्तूला कामावरून काढून तिच्याकडे बघायचं, ही काही माझी किंवा परीक्षा मंडळाची कल्पना नव्हे, हे मला एका आषाढी अमावास्येला जाणवलं. दिव्यांच्या अवसेला घरातले सगळे दिवे काढतात. समई, निरांजन, लामणदिवा, माळ्यावरचा कंदील, अगदी शाईच्या दौतीची केलेली जुनी चिमणीसुद्धा. घासूनपुसून पाटावर मांडतात, त्यांना कणकेच्या दिव्यांनी ओवाळतात. आत्याबाई मांडत होत्या, उंच समई मागे, बुटकी निरांजनं पुढे, कंदील एका अंगाला. सरांनी मुलांना जे समजवायला अर्धा तास घेतला होता ते त्यांनी सवयीने केलं. मग दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी विळा, खुरपं, कुऱ्हाड, तिफण, शिवणयंत्र, कुणाचा पान्हा, कुणाचा वस्तरा, सगळं धुऊन ओळीने मांडतात. हळदकुंकू वाहतात. पूजेला मांडलेलं अवजार त्या दिवशी कामाला घेत नाहीत. एरवी हाताला नुसतं सापडावं म्हणून ठेवलेली वस्तू त्या एका दिवशी डोळ्यांसमोर येते. स्टुलावर चादर टाकून आम्ही जे करतो ते हेच, फक्त अक्षता नसतात.

आणि आमच्या गावात याचा एक जुना, अवाढव्य दाखला आहे. दासोपंत, इसवी सन १५५१ ते १६१५. अंबाजोगाईत राहून त्यांनी किती लिहिलं याच्या कथा आजही सांगतात. रोज पैशाची शाई संपायची म्हणे. त्यांनी पंचीकरणाचा विषय कागदावर लिहिला नाही, पासोडीवर लिहिला, साधारण चाळीस फूट लांबीच्या कापडावर. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश या पाच तत्त्वांतून सृष्टी कशी मांडली गेली याच्या ओव्या, मधे मधे आकृत्या. थंडीत अंगावर घ्यायच्या वस्तूला त्यांनी पांघरुणाच्या कामातून कायमचं मोकळं केलं. चारशे वर्षांनीही ती पासोडी म्हणूनच ओळखली जाते, आणि ती आजवर कुणी पांघरली नाही.

कायमचं मोकळं करण्याबद्दल मात्र मला शंका आहे. इटलीतल्या बोलोन्या शहरात जोर्जो मोरांदी नावाचा चित्रकार होता, १८९० ते १९६४. बाटल्या, सुरया, डबे, वाडगे अशा त्याच त्या वस्तू त्याने जन्मभर पुन्हा पुन्हा रंगवल्या, उतारवयात जलरंगातही. त्याच्या खोलीतल्या त्या बाटल्यांवर धूळ साचलेली असे आणि तो ती साचू देई. चित्रं अशी की बघताना आपला आवाज खाली येतो. पण त्याच्या बाटल्यांना परत स्वयंपाकघरात जायचं नव्हतं. माझ्या घागरीला साडेचारला जायचं असतं. मला त्याच्यापेक्षा जवळचे वाटतात ते कृष्णाजी हौळाजी आरा. जन्म १९१४चा, सिकंदराबादजवळच्या बोलारमचा, म्हणजे निजामाच्या त्याच राज्यातला ज्यात तेव्हा आमचा बीड जिल्हा होता. लहानपणी घरातून पळून ते मुंबईला आले, लोकांच्या घरी नोकर म्हणून राबले, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले, आणि १९४७ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा राहिला तेव्हा त्याच्या संस्थापकांत होते. फुलदाण्या, भांडी, फळं हा त्यांचा आवडीचा विषय. पाण्याचे रंग ते तेलरंगासारखे जाड लावत, पारदर्शकतेचं सोवळं त्यांनी पाळलं नाही. त्यांची भांडी कागदावर घट्ट बसतात, वजनदार वाटतात. दुसऱ्याच्या घरी राबलेल्या माणसाला भांड्याचं वजन मनगटात ठाऊक असतं. ते वजन नुसतं लांबून बघून कळलं असेल असं मला वाटत नाही.

हे वजन माझ्या चित्रात कुठून यावं, याचं उत्तर मला कोयत्याने दिलं. बीड म्हणजे ऊसतोड कामगारांचा जिल्हा. दसरा-दिवाळी झाली की गावंच्या गावं कारखान्यांच्या वाटेला लागतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. नवराबायको दोघं मिळून एक कोयता धरला जातो, उचल त्या हिशेबाने मिळते. उन्हाळ्यात माणसं परततात आणि पावसाळाभर कोयता घराच्या आढ्यात खोचलेला राहतो. आमच्या शेतात खुरपायला येणाऱ्या एका बाईंना मी विचारलं, तुमचा कोयता रंगवायला द्याल का?

“मी म्हणते, त्यात काय बघायचंय?” त्या हसल्या. “पण न्या. दसऱ्यापातूर रिकामाच हाय.”

दुसऱ्या दिवशी त्यांनीच तो आणून दिला. मी ओट्यावर पांढरं कापड अंथरलं, कोयता त्यावर ठेवला, पातं माझ्याकडे. जरा वेळ बघून त्यांनी तो उचलला आणि उलटा करून ठेवला.

“ही बाजू काढा. ही हाताची हाय.”

मुठीच्या त्या बाजूला लाकडात एक खळगा होता, अंगठ्याएवढा. तिथलं लाकूड घामाने काळं आणि झिजून इतकं गुळगुळीत झालं होतं की त्यावर उजेड ठरत होता. बाकीची मूठ कोरडी, रेषारेषांची, तिला कोरड्या ब्रशचे ओरखडे पुरले. पात्याला गंजाचा तांबडा, त्यावर निळ्याचा पातळ हात, दोन्ही मिसळून लोखंडाचा तो करडा रंग आपसूक येतो. धार लावलेली कड कागदाची कोरी पट्टी म्हणून सोडली, ब्रशच्या केसाएवढी. पण चित्र उभं राहिलं ते त्या खळग्याने. तिथे आधी थोडं पाणी, मग काळपट तपकिरी कडेने सोडला, आणि मधला ठिपका तसाच राहू दिला. किती हंगाम लागले असतील एवढा खळगा पडायला? मी विचारलं नाही. ज्या अंगठ्याने तो पाडला तो समोरच होता, चहाचा कप धरून.

वस्तूकडे बघायचं तर ती कामातून मोकळी हवी, हे माझं म्हणणं अजूनही कायम आहे. चालता कोयता कुणाला रंगवता येणार? पण मोकळ्या वस्तूत बघायचं काय, तर तिचं काम. परातीचा तळ जिथे पातळ झालाय, जर्मनच्या पातेल्याला चुलीने जिथे काळं केलंय आणि तारेच्या घासणीने जिथे गोल गोल ओरखडलंय, कळशीच्या कमरेला जिथे पोचा आहे कारण ती कुणाच्या तरी कमरेवर बसत होती. नव्या कोऱ्या, दुकानातून आणलेल्या भांड्याला मी हल्ली हात लावत नाही. त्याच्यावर उजेड छान पडतो, पण सांगण्यासारखं त्याच्याकडे अजून काही जमलेलं नसतं.

अपवाद सीताफळाचा. बालाघाटच्या डोंगरात पिकणारं आमचं सीताफळ, २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. ते वापरून झिजत नाही, आणि जलरंगाची वाटही बघत नाही. सकाळी बसवावं तर हिरवट करड्या डोळ्यांच्या मधल्या भेगा नुसत्या पांढुरक्या असतात. दुपारी त्यात गुलाबी झाक येते, संध्याकाळी बोट लावलं तर डोळा सुटून येतो. एका चित्रात एक वेळ धरायची, एवढंच आपल्या हाती. उरलेलं सीताफळ घरातली माणसं बघून घेतात.

बाकी सगळ्या वस्तूंसाठी मी आता एक रीत धरली आहे. स्टुलावर ठेवण्याआधी ती रोज वापरणाऱ्याला विचारायचं, कुठली बाजू दाखवू? मी अजून एकही माणूस असा पाहिला नाही की ज्याला हा प्रश्न विचित्र वाटला. गिरणीवाल्याने माप फिरवून त्याची चेपलेली कड पुढे केली. शिंपीदादांनी कात्रीचा मोठा कान दाखवला, त्याला त्यांनी चिंधी गुंडाळली आहे. आत्याबाईंना तव्याबद्दल विचारलं, तर त्या म्हणाल्या, बाजू कुठलीही घे, पण आधी एक भाकर टाकून बघ त्याच्यावर. टाकली. तवा तापल्यावर मधोमध एक जागा बाकीच्याआधी करड्याची फिकी होते, भाकरी आधी तिथेच फुगते. थंड तव्यावर ती जागा दिसत नाही. मी तवा निवायची वाट बघितली आणि ती जागा पेन्सिलीने हलकेच आखून घेतली, म्हणजे रंग देताना विसरणार नाही.